हक्कसोड

धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात
हनुवटी फळीवर टेकवा म्हणाली पोरगी,
हिरव्या फुलीकडे बघा, पापणी हलवू नका.
सुई नाही, रंग नाही,
नुसता उजेड आत गेला
आणि पाणी मोजून बाहेर आला.

पाणी नाही, रक्त. मीच पाणी म्हणते.
आप्पा पाटकरी होते सामोड्याच्या फडावर.
पांझरेच्या बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत
कुणाला किती वेळ, ते त्यांच्या टाचेत होतं.
घड्याळ नव्हतं. अंधारात चिखलात पाय रोवून सांगायचे,
सुपडू तात्याचा ऊस भिजला, आता पुढचं दार.

पडद्यावर माझा डोळा उघडला:
पाट, चाऱ्या, चाऱ्यांच्या पोटचाऱ्या,
केसाहून बारीक, काळ्यावर पांढऱ्या.
हा तर आमचा फड, मी म्हटलं.
पोरसवदा डॉक्टर हसला.
मेंदूचंच टोक आहे हे, म्हणाला, बाहेर आलेलं;
कवटी न उघडता तिथलं वाहणं इथं बघायला मिळतं.
दरसाल या.
कशाचा अर्थ काय, ते आम्हालाही अजून नीट कळत नाही.
या एका वाक्यासाठी तो मला आवडला.

आप्पा सत्तेचाळीसचे होते
तेव्हा एका रात्री एकाच चारीत पाणी सोडून
सकाळपर्यंत बांधावर बसून राहिले.
हिलाल पाटलाचा कांदा सडला.
शिव्या देणाऱ्यालाच विचारत होते,
पानी कथं गयं? पानी कथं गयं?
मग दारं विसरले. मग नावं. मग माझं,
मग आईचं, सगळ्यात शेवटी भाकरीचं.
गावानं दारूवर ढकललं.
पन्नाशीच्या आत आत्या गेली, ती बाहेरच्या बाधेवर.
मग युवराज, माझा भाऊ, चव्वेचाळीसचा,
कारखान्याच्या काट्यावरून गाड्या न मोजताच सोडू लागला.

तेव्हा कुठं कुणी कागदावर वंशावळ काढली.
चौकोन, गोल. काळे भरलेले.
माझा गोल रिकामा, पेन्सिलीचा.

निम्मी शक्यता, म्हणतात.
नव्याण्णव साली तलाठ्यासमोर सही केली मी,
एक साडी घेऊन
दोन एकर तीन गुंठे भावाला सोडले.
बहिणीनं मागायचं नसतं.
हे मात्र, घेतेस का, असं कुणी विचारलं नाही.
फेरफार नाही, उतारा नाही,
बिनबोभाट नावावर चढलं असेल.
किंवा नसेल.
तपासणीचा लिफाफा मिठाच्या बरणीमागे आहे, बंद.
तेजल विचारत नाही.
निम्म्याचं निम्मं किती, ते तिला शाळेतच शिकवलंय.

चित्राच्या मधोमध एक काळं भोक होतं.
मी श्वास घेतला नाही.
ते सगळ्यांनाच असतं, डॉक्टर म्हणाला,
तिथं एकही नस नाही,
आणि सगळ्यात लख्ख तिथूनच दिसतं.
रुंद होतंय का, तेवढं बघायचं.
पाणी कमी पडलं की आमच्याकडेही
एक फड पडीक ठेवायचे, सगळ्यांनी बसून ठरवलेला,
कुणा एकट्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून.
आप्पांना तो आवडायचा.
तिथून नदी नीट दिसते, म्हणायचे, ऊस आडवा येत नाही.

थेंबांनी बाहुल्या ताणलेल्या, बाहेर ऊन पांढरंफटक.
स्टँडवरच्या पाट्या उन्हात विरघळलेल्या.
एका पोराला विचारलं, बाळा, ही पिंपळनेरची का?
गाव आप्पांकडे बघायचं तसं
त्यानं माझ्याकडे बघितलं.

कुठं? कंडक्टर म्हणाला.
नाव तोंडात आलं नाही.
चार सेकंद. पाच असतील.
थेंबांनी असं होत नाही, मला माहीत आहे.
मागून कुणी ओरडलं, मावशी, सांगा ना.
मी चपलेतून टाच काढली,
बसच्या तापल्या पत्र्यावर टेकवली,
आणि म्हणाले, सामोडे.
एक.